पुढच्या सीटचा पट्टा

३ मे, शनिवार. नांदेड

आली एकदाची! पांढरीशुभ्र, बॅटरीवर चालणारी, माझ्या नावावरची पहिली चारचाकी. शोरूमवाल्याने हौसेने नारळ-लिंबं मांडून ठेवली होती. म्हटलं, आमच्यात हे नसतं. आईने त्रिसरण म्हटलं, पेढे वाटले, झालं. मी जिल्हा परिषदेत अभियंता आहे. लिंबू चिरडून गाडी सांभाळली जात असती तर विमा कशाला उतरवला असता?

दिपालीला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी, चाकूरला आहे. डॉक्टर लातूरचे. वेळ आली की तिला पुढच्या सीटवर बसवायचं, एसी लावायचा आणि एकही धक्का न लागू देता लातूर गाठायचं. त्यासाठीच तर घेतली. दिपाली म्हणाली, आवाजच करत नाही, तर ही चालू आहे की बंद, कळणार कसं? हसलो खरा, पण मलाही ते नीट कळत नाही.

४ मे, रविवार. चाकूर

गाडी गुणी आहे, पण हट्टी. पायाखालचं पेडल सोडलं की आपणहून ब्रेक लावल्यासारखी थबकते. लोहा येईपर्यंत माझी मान नंदीबैलासारखी हलत होती. एसी लावला की पल्ल्याचा, म्हणजे उरलेल्या किलोमीटरांचा, आकडा डोळ्यांदेखत उतरतो. सासऱ्यांच्या, म्हणजे नरसिंगमामांच्या घरी प्लग लावला, तर कूलरचं पातं फिरेना. सासूबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "जावई, गाडीला जेवू घाला, पन आमाला उकडून मारू नका."

शेवटी लातूर रस्त्यावरच्या ढाब्यावर गेलो. तिथे बाभळीखाली चार्जर आहे. चहा झाला, जेवण झालं, पेपर दोनदा वाचून झाला, तरी हिचं पोट भरेना. परतताना नवीनच ताप. शेजारची सीट रिकामी, तरी टिंग टिंग टिंग. पट्टा लावा म्हणे! कुणाला लावू? तिथे पाण्याची बाटलीसुद्धा नव्हती.

११ मे, रविवार. चाकूर

आठवडाभर सर्व्हिसवाल्यांचं डोकं खाल्लं. सेन्सर ठीक आहे, सीट पुसा, गाडी बंद करून चालू करा. गंमत म्हणजे नांदेडात सगळं शांत. ढाब्यावरून निघालं की टिंग टिंग सुरू.

आज तळपायाची आग मस्तकात गेली. रिकाम्या सीटवर खेकसलो, बसायचं तर बस बाई, पण पट्टा लाव आणि माझं डोकं खाऊ नकोस!

आवाज थांबला. इतका आनंद झाला की शीळ घालत घरी आलो. उतरताना पाहिलं, तर पट्टा लावलेला होता. मी लावला असेन. पण 'बाई' का म्हणालो, कोण जाणे.

१८ मे, रविवार. चाकूर

पट्टा निघत नाही. बटण दाबलं, ठोकलं, तेल सोडलं. सर्व्हिसवाला म्हणतो, पार्ट मागवावा लागेल. गादीला खोलगट खड्डा पडलाय आणि पल्लाही घटलाय, जणू रोज एक माणूस जास्त वाहतोय. दिपाली तणतणत मागे बसली. ज्या सीटसाठी गाडी घेतली, तिथे तीच बसू शकत नाही. रडावंसं वाटलं, संतापाने.

ढाबेवाल्या शिवमूर्तीला सहज विचारलं. तो म्हणाला, "लई वर्सं झाली. त्या बाभळीखालीच एका जीपचं डिझेल संपलं होतं. बाई लातूरला निगाली होती, बाळंतपनाला. डिझेल आनूस्तोर बाई गाडीतच गेली. लेकरू पोटातच ऱ्हायलं."

सासूबाईंना हे आणि माझं त्या दिवशीचं खेकसणं सांगितलं, तर त्यांनी मला धारेवर धरलं. "तुमीच बस म्हनलाव, आता तुमीच उतर म्हना. एवढंच हाय."

नाही म्हणणार. म्हटलं तर तिथे कुणीतरी बसलंय हे कबूल केल्यासारखं होईल. दोष बटणाचा आहे.

२४ मे, शनिवार. चाकूर

रजा टाकून आलोय. दिवस भरलेत.

सकाळी पाहिलं तर गाडी कुलपात, आणि एसी चालू. डाव्या काचेवर आतून वाफ. निम्मं चार्जिंग गेलं. कंपनीला फोन लावला, घसा कोरडा पडेस्तोवर भांडलो. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, सर, आम्हाला तर गाडीत पॅसेंजर दिसतंय.

फोन ठेवून दिला.

२५ मे, रविवार

वही घरीच राहिली. फोनवर लिहितोय. काहीतरी करत राहायला हवं.

सकाळीच कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. गाडी रात्रभर प्लगला होती, तरी आकडा तळाला. ढाब्यापर्यंत कशीबशी आली आणि बाभळीखाली थांबली. त्याच बाभळीखाली.

चार्जर लावलाय. दिपाली मागे विव्हळतेय. सासूबाई आणि शिवमूर्ती रस्त्यावर गाड्यांना हात करतायत. कुणी थांबत नाही.

शेवटी बोललो. हात जोडून बोललो. बाई, पुढची सीट सोडा, माझ्या बायकोला पाठ टेकू द्या.

खट्. पट्टा सुटला.

इतकं सोपं होतं! मूर्ख मी. चार्जर काढायला बाहेर उतरलो आणि —

दारं बंद. आपोआप. किल्ली खिशात आहे, उघडत नाहीत. फोनमधल्या गाडीच्या ॲपवर पुढची सीट रिकामी दिसतेय.

मागे दोन माणसं.

मी उतर म्हटलंच नाही. सीट सोड म्हटलं. तेवढंच केलं तिने —

काचा वाफेने भरल्या. दिपाली आतून थापा मारतेय, आवाज येत नाही. दगड घातला, काच फुटत नाही. ओरडतोय, उतर. बाई, उतर. पाया पडतो, उतर —

उघडलं. दार उघडलं. ॲपवर एकच माणूस. दिपाली जिवंत आहे, बोलतेय. कळा थांबल्या म्हणते. एकदम थांबल्या. पोटावर हात फिरवतेय, पुन्हा पुन्हा फिरवतेय, हलत नाही म्हणते —

दिपाली म्हणते, उतरली ती बाई. तिकडं, बाभळीमागं गेली. चढताना एकटीच होती ना, विचारते. मग उतरताना तिच्या कडेवर —