एकमताने मंजूर

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. वाकून केला आहे असं समज. प्रत्यक्षात खुर्चीतच आहे, कारण एकदा वाकलो की कंबर सरळ होईपर्यंत पत्र राहून जातं. तुझी नवी कवळी बसली का? जुनी इतक्यात फेकू नकोस. माझी तब्येत ठीक. जेवतो, झोपतो, औषधवाल्यांनी दिलेल्या गोळ्या वेळच्या वेळी विसरतो. तुझ्या भावजयीला जाऊन बरेच महिने झाले. घर शांत आहे, इतकं की फ्रीज घरघरला तरी मी 'काय गं?' म्हणतो.

तू विचारलंस, गावसमितीचं कसं चाललंय. उत्तम चाललंय, आणि तेच दुखणं आहे. वाचनालयामागची ती खोली तू पाहिली आहेस. एक पाय आखूड असलेलं टेबल, अध्यक्ष म्हणून मी, सभासद म्हणून औषधवाले, सुतार, निवृत्त पोस्टमास्तरीणबाई आणि तुझी भावजय. शिवाय लिहून घ्यायला चिटणीस. (हा गृहस्थ इतका नियमाचा की शिंकायचं असलं तरी अध्यक्षांकडे बघतो.) भावजय तुझी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायची आणि मी मांडलेला प्रत्येक ठराव उभा-आडवा फाडायची. लोकांना वाटायचं, नवरा-बायकोचं घरचं भांडण समितीत येतं. उलटं होतं गं. समितीतलं भांडण आम्ही घरी न्यायचो आणि आठवडाभर पुरवून खायचो. आज गावातली गटारं वाहतात ती तिने हट्टाने बदलून घेतलेल्या उताराने. माझ्या उताराने सगळं पाणी वाचनालयात गेलं असतं. (हे ती मला दर पावसात ऐकवायची.)

ती गेली आणि समितीत विरोध नावाची गोष्टच संपली. मी तोंड उघडायचा अवकाश, सगळे हात वर. आधी वाटलं, आपलं वजन वाढलं. मग शंका आली, म्हणून मुद्दामच एक ठराव मांडला: बसथांब्यावर वारा तोंडावर येतो, तर शेड फिरवून तिचं तोंड शाळेच्या भिंतीकडे करावं. मला वाटलं, आता तरी कुणीतरी म्हणेल, 'अहो, मग बस दिसणार कशी?' छे! एकमताने मंजूर. सुताराने चार माणसं लावून स्वतः शेड फिरवली. तेव्हापासून गावचे प्रवासी भिंतीकडे बघत बसतात आणि बस त्यांच्या पाठीमागून येते आणि जाते. तक्रार नाही. ज्याचे कान तिखट त्याला कडेला बसवतात, एवढंच. एकदा औषधांच्या दुकानात शिरता शिरता ऐकलं. औषधवाले कुणालातरी समजावत होते, "राहू द्या हो. माणूस दुःखात आहे, त्यात थांब्याचं काय घेऊन बसलात?"

मला चेवच आला. पुढच्या बैठकीत तळ्यातल्या बदकांना रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे मागितले. मंजूर! पट्टे मारले, आणि बदकं पट्टे सोडून बाकी सगळीकडून जातात. गावात विरोधी पक्ष म्हणून आता तेवढीच उरली आहेत.

इथपर्यंत मला गंमत वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण मग पोस्टमास्तरीणबाईंच्या मुलीला अचानक कळा सुरू झाल्या. बाई पिशवी भरून थांब्यावर जाऊन बसल्या, भिंतीकडे तोंड करून. बस मागून निघून गेली. दुसरी मिळून इस्पितळात पोचेपर्यंत नातू झालासुद्धा, आणि मुलीचा हात धरायला जवळ कुणी नव्हतं. दोघं सुखरूप आहेत. पण बाई परत आल्या त्या थेट माझ्याकडे, आणि मलाच म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. शेडमध्ये काही खोट नाही. माझंच लक्ष नव्हतं." ताई, त्यांनी मला एक सणसणीत शिवी हासडली असती तर मी त्यांचे पाय धरले असते. त्या गेल्यावर दार लावून घेतलं आणि मला रडू आलं. हे असंच चाललं तर माझं दुःख जपता जपता हे लोक गावाचं वाटोळं करतील.

शेड पूर्ववत फिरवायचा ठराव मांडला. (एकमताने मंजूर. मुळात फिरवलीच का, हे विचारायचंही कुणाच्या जिवावर आलं.) तेव्हा ठरवलं, तिच्या रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी बसलंच पाहिजे, आणि तेही मला 'नाही' म्हणू शकेल असं. माणूस सापडलंय. बेकरीतली पाववाली बाई. परवा रांगेत मी जरा पुढे सरकलो, तर सगळ्यांदेखत म्हणाली, "दुःख आहे ते मान्य. रांग मागे आहे." कितीतरी दिवसांनी पाव चवीने खाल्ला.

पण चिटणीस आडवा आला. म्हणाला, खुर्ची रिकामी नाही. घरच्या माणसाने लेखी कळवल्याशिवाय सभासद गेला असं समितीला समजत नाही. हा माणूस अंत्ययात्रेला माझ्यापेक्षा जास्त रडला होता बरं का! पण ते तो खाजगीत रडला. कागदावर ती अजून नुसती गैरहजर आहे. गेल्या आठवड्यात तर घरी नोटीस आली, तिच्या नावाची: आपण सतत गैरहजर असता, समाधानकारक खुलासा करावा. खाली सही अध्यक्षांची, म्हणजे माझीच. (चिटणीस कागदांचा गठ्ठा पुढे करतो, मी सह्या ठोकत जातो.) मला इतकं हसू फुटलं की तिला दाखवायला म्हणून कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ओट्यापाशी पोचल्यावर हसू थांबलं.

असो. भाचीला आशीर्वाद. जावयाला सांग, पाठवलेला स्वेटर बसला; तिसरा हात उगवला की तिसरी बाहीही वापरेन.

तुझा,
धाकटा

ता. क. — मूळ काम राहिलंच. ते लेखी कळवायचं काम तू करशील का? एक ओळ पुरे, चिटणिसाच्या नावाने. मी कितीदा बसलो. दर वेळी तिच्या नावापर्यंत येतो आणि पेन थांबतं. आजही तेच लिहायला बसलो होतो, तर हे एवढं लांबलचक पत्र झालं. तू नणंद, घरचीच. 'अनंतात विलीन' वगैरे लिहू नकोस, तिला नसतं आवडलं. नुसतं 'वारली' लिही.

ता. क. पुन्हा — लिहून ठेव, पण लगेच टाकू नकोस. पुढची बैठक होऊन जाऊ दे. चिटणीस हजेरी घेतो तेव्हा अजून तिचं पूर्ण नाव मोठ्याने पुकारतो, आणि उत्तरासाठी थोडा थांबतो. घरात मी जन्मभर 'अगं'वरच भागवलं, तिचं नाव घेणारं आता दुसरं कुणी नाही. तेवढं आणखी एकदा ऐकतो, मग टाक.