खळ्यात माणूस उभं पाहिजे

८ नोव्हेंबर २००९, रविवार

चार महिने वही उघडली नाही. शेवटचं पान बघितलं – ‘उद्यापासून रोज लिहायचं म्हणजे’ – बस्स, तिथेच थांबलंय! लाज वाटली. कारणं द्यायची तर खूप आहेत. वही अंबडच्या कंपनीत सुपरवायझरच्या टेबलावरून उचललेली, २००८ ची. वार जुळत नाहीत, खोडाखोड करावी लागते. हेही कारणच.

मधलं थोडक्यात. पॅकिंगचं काम सोडलं. सिडकोत पार्लर शिकायला गेले, तेही सोडलं. आप्पा म्हणाले, “मोहिनी, तुझे पाय एका जागी टिकत नाहीत ना? मग या घरात तरी कशाला टेकवतेस?” आई असती तर मध्ये पडली असती. मी पिशवी उचलली आणि घोटीच्या पुढे मालनमावशीकडे आले, भातकापणीला. आठ दिवसांसाठी म्हणून. दसरा झाल्यापासून इथेच आहे.

कापणी जमते मला. बोट एकदाच कापलं.

९ नोव्हेंबर, सोमवार

गरम होतंय. थंडीच्या दिवसांत पंखा लावावा असं. मावशी म्हणते हे चांगलं नाही.

जयराममामाच्या मोबाइलवरून घरी लावला, म्हणजे आप्पांच्या मोबाइलवर. (जयराममामा म्हणजे इथले कोतवाल. तहसीलचा निरोप घरोघर सांगायचा, हे त्यांचं काम. रेंज फक्त त्यांच्या ओट्यावर येते.) आप्पांनी उचलला. “कोण? कोण बोलतंय?” मागे कोळशाच्या पट्ट्याचा आवाज, म्हणजे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामावरच होते. मी ठेवला.

“कोणाचा नंबर गं?”

“घरचा.”

“मंग बोलायचं की! माझे पैसे गेले ते गेलेच.”

१० नोव्हेंबर, मंगळवार

वादळ येतंय! समुद्रात आहे, पण उद्या जमिनीवर चढणार आणि पाऊस आपल्याकडे. नाव म्हणे फयान. जयराममामा सकाळपासून ओरडत फिरतायत – ओहोळाकाठच्यांनी आणि डोंगराखालच्यांनी शाळेत यायचं, पत्र्यावरचे दगड काढा, कंदिलात रॉकेल भरून ठेवा, झाडाखाली जनावर बांधू नका. दगड काढा म्हटल्यावर सगळ्या वाडीने काय केलं? आणखी दगड ठेवले! मावशीने तर पाट्याचा वरवंटापण चढवला. मी म्हटलं, मावशी, वारा आला की हे आपल्याच डोक्यात पडतील. अंबडला शेडचे पत्रे आकड्यांनी आवळतात, दगडांनी नाही. “तुझ्या अंबडला आकडे असतील. माझ्याकडं दगड हायेत.”

जयराममामांचा पाय मुरगळला. त्यांनी मला काम दिलं. वरच्या वाडीतली अकरा घरं द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेलीत, झोडणीला परत येतील. कापलेलं भात सगळ्यांचं एकाच खळ्यात, भाऱ्यांच्या उंच उडव्या रचून ठेवलंय, घरटी एक. राखणीला पुंजाबाबा एकटे. सत्तरीचे असतील. खळ्याच्या अगदी मागे डोंगराचा कडा, मातीचा, पावसाळ्यातच भेगाळलेला. “त्याला शाळेत आण. आजच जा,” मामा म्हणाले.

निघाले होते, खरंच. पण ओहोळाला वाडीतल्या पुतळाबाई खेकडे धरत होत्या. बिळात हात घालायचा कसा ते त्यांनी दाखवलं. सात धरले! मग ऊन उतरलं. मावशीने रस्सा केला, झणझणीत.

उद्या सकाळी पहिलं काम पुंजाबाबा.

११ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळ

पाऊस सकाळपासूनच. वारा दुपारनंतर. दिवे गेलेत, मामांच्या ओट्यावरची रेंजपण गेली असणार. कंदिलाशेजारी बसून लिहितेय. सगळं लिहायचं, काही गाळायचं नाही.

वर पोचले तेव्हा अकरा वाजले असतील. पुंजाबाबा खळ्यात उभे, अंगावर घोंगडी, हातात काठी. बाजूला गवताची खोपी, तिच्यात झोपतात. अंगात ताप आहे हे डोळ्यांवरूनच कळलं.

“बाबा, खाली चला. वादळ येतंय.”

“येऊ दे की. मी कुठं त्याला आडवतोय?”

“कडा ओला झालाय. माती सुटेल.”

“माझ्या आज्यापासून ओला होतोय तो.”

“शाळेत गरम जेवण आहे. नर्सबाई गोळ्या घेऊन आल्यात.”

इथे ते जरा थांबले. खोकले. मग म्हणाले, “आकरा घरांचं वरसाचं खाणं हाय हे. झोडून रास घरी जाईस्तोवर खळं रितं ठेवायचं नाय. खळ्यात माणूस उभं पाहिजे. दुसरं उभं राहिलं की मंग पयलं हालतं. मी हाललो आन् दुसरं कोन हाय?”

मी इकडेतिकडे बघितलं. कोणीच नव्हतं.

“मी आहे.”

ते हसले, खोकत खोकत. “तू? तुझी मावशी सांगती, तू चुलीवर दूध ठेवून बाजाराला जातीस.”

“एकदाच झालंय ते!”

मग म्हणाले, “चपला काढ.” खळ्यात चपला चालत नाहीत. काढल्या. सारवलेली जमीन गार होती. “उडवीला हात लाव. बोल, मी उभी हाय.” बोलले. हसू येत होतं, आणि येतही नव्हतं. त्यांनी घोंगडी काढून माझ्या खांद्यावर टाकली, काठी दिली, आणि स्वतः डोक्यावर पोतं घेतलं. “पाऊस वाढला तर खोपीत बस, खोपी घट हाय. सकाळच्याला भाकर घेऊन येतो, उपाशी नाय ठेवायचो.”

गेले. वळणावर एकदा मागे बघितलं. मी काठी वर केली.

खरं लिहायचं म्हटलंय ना. ‘मी आहे’ म्हणाले तेव्हाच ठरवलं होतं की थांबायचं नाही. त्यांना हलवायचा तोच एक मार्ग होता. वळणाआड गेल्यावर शंभरपर्यंत आकडे म्हटले. साठपर्यंतच, खरं तर. कड्यावरून बारीक खडे घरंगळत होते, टप टप. काठी खोपीच्या दाराशी रोवली, तिच्यावर घोंगडी टाकली. लांबून माणूसच वाटत होतं. चपला हातात घेतल्या आणि पळाले.

त्यांच्या वाटेने गेले असते तर गाठ पडली असती. म्हणून झऱ्याच्या बाजूने उतरले, सरळ ओहोळाच्या अलीकडे, मावशीच्या मागल्या दाराशी. शाळा पलीकडे. पाणी तेव्हाच गुडघ्याला लागलं असतं, आता तर पुरुषभर असेल. नुसती घरघर ऐकू येतेय.

“पुंजाबाबा आला का गं?” मावशीने विचारलं.

“आले. शाळेत गेले.”

“शाबास! एक तरी काम पुरं केलंस.”

सकाळी ते भाकरी घेऊन निघायच्या आधी शाळेत जाऊन सांगायचं, की बाबा, मी खोटं बोलले. पाणी उतरलं की लगेच.

वरवंटा आत्ताच पत्र्यावरून अंगणात पडला. कोणाला लागला नाही. मावशी माझ्याकडे बघत नाहीये.

१२ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळ

पाऊस थांबला. आंबा आडवा झालाय, गोठ्याचे दोन पत्रे शेजारच्या वावरात. माणसं ठीक.

ओहोळ उतरलेला नाही! काल उतरले त्या झऱ्याच्या वाटेवरही लोंढाच आहे. उजाडल्यापासून काठावर चार खेपा मारल्या. पलीकडे शाळेतून माणसं बाहेर पडतायत, कुदळी, घमेली घेऊन. सगळी वरच्या वाडीच्या वाटेने. मी ओरडले, ओढणी हलवली. पाण्यापुढे काही ऐकू जात नाही. वर बघितलं तर कड्याचा एक तुकडाच नाही. जिथे हिरवं होतं तिथे तांबडं दिसतंय.

पुंजाबाबा भाकरी घेऊन निघाले असतील. उजाडतानाच निघाले असतील.

धनराज (मावशीचा मुलगा) म्हणतो दुपारपर्यंत उतार मिळेल. दोर आणायला गेलाय. वही पिशवीत टाकते.

१२ नोव्हेंबर. दुपार, साडेतीन

खळ्यातून लिहितेय. क्रमाने लिहिते, नाहीतर भरकटेन.

बाराच्या सुमाराला दोर धरून पलीकडे गेलो, कमरेएवढ्या पाण्यातून. काठावर पुतळाबाई होत्या. मला बघून हातातली घागरच सोडली.

“अगं बया! तू जित्ती हाईस?”

“का? काय झालं?”

“काय झालं म्हनून इचारती! तुला उकरत्यात वर सगळी!” आणि पाठीत एक धपाटा घातला. मग रडायला लागल्या, मग आणखी एक घातला.

त्यांच्याकडून कळलं ते असं. रात्री शाळेत पुंजाबाबा सगळ्यांना सांगत होते, खळ्यात पोरगी उभी हाय, काळजी नाय. जयराममामा त्यांच्यावर भडकले, पण अंधारात, पावसात कोणी वर जाऊ शकलं नाही. उजाडायच्या आत बाबा तापातच निघाले. भाकरी फडक्यात बांधून. वर खोपी नव्हती. मातीचा ढीग होता, आणि ढिगातून माझ्या अंगावर टाकलेल्या त्या घोंगडीचं टोक बाहेर आलेलं.

मी धावत वर आले.

अकरांपैकी दोन उडव्या मातीखाली. नऊ उभ्या. खोपीच्या जागी दहाबारा माणसं खणत होती आणि मधोमध पुंजाबाबा. दुसऱ्यांकडे कुदळी होत्या, ते हातांनी उकरत होते. नखांतून रक्त येत होतं. जयराममामा त्यांना ओढत होते, “बाबा, बस आता, आमी हाय ना!” ते ऐकत नव्हते. पुटपुटत होते. “मीच बोललो, खोपी घट हाय. मीच बोललो, खोपीत बस.”

“बाबा.”

कोणीतरी मागे वळून ओरडलं. सगळे थांबले. पुंजाबाबा सगळ्यात शेवटी वळले. माझ्याकडे बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत, दोनदा. मी वाट बघत होते, आता शिवी येईल, काठी येईल.

“चपला काढ,” म्हणाले.

मी खळ्याच्या आत उभी होते, चपलांसकट. काढल्या.

“मी काल थांबलेच नाही, बाबा. तुम्ही वळलात आणि मी पळाले. तुम्हाला खाली न्यायचं होतं म्हणून तसं बोलले.”

त्यांनी ढिगाकडे बघितलं, घोंगडीच्या टोकाकडे, मग कड्याकडे. म्हणाले, “मी असतो तर तिथंच झोपलो असतो.” एवढंच. माफ केलं की काय केलं, कळलं नाही. मग तिथेच चिखलात बसले. उठवेना त्यांना. ताप चांगलाच चढलाय. हाताने उडवीकडे दाखवलं, “भाकर ठेवलीय बघ.” फडकं भिजलं होतं. मी खाल्ली. त्यांच्यासमोरच खाल्ली, सगळी. नाही म्हणायची हिंमत नव्हती.

मामा म्हणाले, कड्याचा आणखी भाग सुटेल, उरलेलं भात आजच्या आज शाळेच्या पडवीत न्यायचं. डोक्यावरून. कोणीतरी कड्यावर नजर ठेवायची, खडा घरंगळला की हाक द्यायची. पुंजाबाबांना झोळीत घालून खाली न्यायला लागले तर त्यांनी उडवीतला पेंढा मुठीत धरून ठेवला. सोडेनात.

“दुसरं कोन उभं हाय?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. प्रत्येकाला भारा उचलायचा होता.

“मी,” म्हटलं. कोणी हसलं नाही. बाबाही नाही. मी आपणहून उडवीला हात लावला आणि बोलले. ते डोळे मिटून ऐकत होते. मग मूठ सुटली.

तर मी इथे आहे. ढिगापासून लांबच्या टोकाला, कड्यावर डोळा ठेवून. लिहिताना दर ओळीला वर बघतेय. आत्तापर्यंत पाच उडव्या गेल्या, चार राहिल्यात. मघाशी झऱ्यावर एक निळा पक्षी आला होता, लांब शेपटीचा, असा कधी बघितला नव्हता. जाऊन बघावं असं फार वाटलं. गेले नाही.

जयराममामा लंगडत लंगडत भारा घ्यायला आले तेव्हा काहीतरी सांगायचं राहिल्यासारखे घुटमळले. “सकाळी घोंगडी बघितली ना, तवा मी रस्त्यापर्यंत गेलो, रेंजला. तहसीलला लावला.” मग म्हणाले, “आनखी एक लावला. फोनमधे नंबर होता त्यो.” मी काही विचारायच्या आत भारा डोक्यावर घेऊन निघाले.

१२ नोव्हेंबर. संध्याकाळ, सव्वापाच

एक उडवी राहिलीय. धनराज पळत वर आला. म्हणतो एकलहऱ्याहून पाच माणसं आलीत, कोळशाची फावडी घेऊन. घाटात झाडं पडलीत म्हणून घोटीपासून चालत. खाली सगळे सांगतायत की पोरगी आहे, सुखरूप आहे, तर त्यातला एक कोणाचं ऐकतच नाही, फावडं घेऊन सरळ वर निघालाय.

वळणावर दिसले. आप्पा. मला इथून हलता येत नाही. ओरडतेय.