चाकावरचा चौथा थर

प्रिय दादा,

परवा पुण्याच्या सायकल ट्रॅकवर तुझी सायली तुझं चाक लावून धावली. हे तुला कळवायला हवं, आणि मीच कळवायला हवं, कारण या चाकाला मी तुझ्या तोंडावर नाही म्हणालो होतो. तू जाऊन पाच महिने झाले. एवढ्या दिवसांत तुला काही लिहावं असं सुचलं नाही. आज सकाळी मात्र कागद घेऊन तुझ्या शेडमध्ये बसलो आहे.

शेड तशीच आहे. दुरुस्तीला आलेली ती निळी होडी अजून पालथी पडली आहे. फायबरचे तीन थर तू घातले होतेस. चौथा राहिला.

हे वाचून तू म्हणाला असतास, "काय रे बाळू, हापिसात अर्ज लिवतस काय?" काय करू? वीस वर्षं आयटीआयमध्ये लेथ शिकवतोय. लिहायला बसलो की हात असाच चालतो.

म्हापशाला गेलो होतो तो दिवस आठवतो? तुझ्या लेकीला डिस्क चाक हवं होतं. तारा नाहीत, दोन्ही बाजूंनी ताटासारखं बंद. शर्यती सोडलेल्या एका गृहस्थांकडे जुनं होतं, पण ते रस्त्यावरच्या गीअरच्या सायकलीचं, आणि एका अंगाला बोटभर तडा. मी तडा बघून मागे सरकलो. तू त्यावरून अंगठा फिरवलास आणि म्हणालास, "ह्या काय! होडयेक असले शंभर असतत."

येताना मी स्कूटरवर तुझ्या मागे, चादरीत गुंडाळलेलं चाक मिठीत धरून. वारा आला की गाडी शीड लावल्यासारखी बाजूला जायची. गोव्याची हद्द ओलांडताच इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर आपल्याला थांबवलं. तिथल्या माणसाने चादर बाजूला करून चाकावर टकटक केलं.

"पोकळ आहे. आत काय?"

"वारो," तू म्हणालास.

"नीट सांगा."

"साहेबांनू, नुसतो वारो. गोव्याचो आसा. परमिट लागता काय तेका?"

तो हसला म्हणून सुटलो. मला घाम फुटला होता. तुला कसा कधी फुटला नाही रे?

घरी येऊन मी मापं घेतली. सायलीच्या सायकलीत मागचं चाक बसतं त्या जागेपेक्षा हे दहा मिलिमीटर रुंद. शिवाय त्याला फ्रीव्हील, पाय थांबले तरी चाक फिरू देणारं. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो. दातांची चकती चाकाला घट्ट बसवलेली असते, पाय फिरतात तोवर चाक फिरतं, आणि वेग कमी करायचा तोही पायांनीच. ती चकती भर वेगात सैल झाली तर? मी म्हणालो, "दादा, ह्या माझ्याच्यान होवचा नाय. चाक सुटला तर पोरगी खंय जातली?"

तू एवढंच म्हणालास, "तू केलंस तर सुटूचा नाय."

मी उठून घरी गेलो. पुन्हा तू विषय काढला नाहीस. तू एकदा तरी भांडायचं होतंस, दादा! छातीत दुखत होतं तेही तू कुणाला सांगितलं नाहीस. होडीच्या बाबतीत एवढा सावध माणूस!

तेराव्यानंतर वहिनीने सांगितलं म्हणून शेडला कुलूप लावायला आलो. चाक वाशाला दोरीने टांगलेलं होतं. तडा भरून, घासून, गुळगुळीत केलेला. आणि मध्यभागी, एक्सलपाशी, पेन्सिलीने बाण काढून लिहिलेलं: बाळू.

म्हणजे तुझ्या वाट्याचं काम तू करून ठेवलं होतंस आणि माझं माझ्यासाठी सोडलं होतंस. मी कुलूप न लावताच चाक घेऊन घरी आलो.

तीन आठवडे लागले. लेथवर नवा एक्सल केला, दोन्ही बाजूंच्या स्पेसरच्या कड्या कातून रुंदी कमी केली. फ्रीव्हील काढून त्या जागी चकतीसाठी पोलादी तुकडा बसवला आणि ती उलट्या आट्यांच्या नटाने आवळली. पहिला तुकडा मनासारखा झाला नाही, टाकून दिला. दुसराही टाकला. तिसरा बसवला.

मग चाक स्टँडवर चढवून जोरात फिरवलं, तर स्टँड टेबलासकट थरथरायला लागला! हात सोडला की चाक हळू होत जायचं आणि दर वेळी एकाच जागी थांबायचं, तुझं ठिगळ खाली. तेव्हा ध्यानात आलं. तू होडीचाच नियम लावला होतास. मालकाने सांगितले तेवढे थर, आणि वर एक आपला. कोणी विचारलं की म्हणायचास, "दर्याक कोण सांगतलो, तीनच आसत म्हणान?"

चाक म्हणजे होडी नव्हे, दादा. त्या एका थराने ते एका अंगाला जड झालं होतं.

मी घासायचं यंत्र काढलं. सायली सुट्टीवर आली होती, तिने माझा हात धरला.

"काकानू, घासू नकात."

"अगो, ह्या असा धावाचा नाय. तुका खाली टाकीत."

"एका बाजूक जड आसा ना? मगे दुसऱ्या बाजूक घाला."

तुझं ठिगळ हवा भरायच्या खाचेच्या बरोबर समोर आहे, हे तिने पाहिलं होतं. शेजारून जाळ्याच्या कडेला ओवतात ते शिशाचे मणी आणले. खाचेत एक एक चिकटवत गेलो. पाचव्या मण्याला चाक कुठेही थांबायला लागलं. ते खाचेत पक्के करून वर झाकण बसवलं. जोरात फिरवलं. टेबल हललं नाही. सायली म्हणाली, "बगलास?" आणि बाहेर जाऊन बराच वेळ आत आली नाही. मी तिला बोलावलं नाही.

परवाची निवड चाचणी. सगळे तिच्याकडे बघत होते, मी चाकाकडे. रिकाम्या पिंपावर हात घासावा तसा आवाज येत होता. प्रत्येक वळणावर ती भिंतीसारख्या उतारावर चढायची आणि मी माझा नट धरून आहे ना एवढंच बघायचो, किती फेऱ्या राहिल्या ते नव्हे. ती चौथी आली. तिघींना घेतलं. रडली थोडी. मी आधी चाक पाहिलं, मग तिच्याकडे गेलो. हे चुकलं माझं. पण नट जागचा हलला नव्हता, आणि ठिगळाच्या कडेला नख अडकत नव्हतं.

दुसऱ्या एका मुलीच्या प्रशिक्षकांनी विचारलं, "पॅच चांगला आहे, पण एवढा जाड कशाला?"

सायली म्हणाली, "बाबांनी एक थर जास्तीचा घातलाय. तो काढायचा नाही."

तू म्हणाला होतास तसंच झालं, दादा. सुटलं नाही. हे तुझ्या हयातीत करून दाखवायला हवं होतं, तेवढं माझ्याकडून झालं नाही.

मघाशी निळ्या होडीचा मालक येऊन गेला. "तीन थर आसत मा? पुरे झाले. दी माका." मी म्हटलं, अजून काम आहे. मी फायबर चिकटवायच्या रेझिनला कधी हात लावलेला नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

आधी एका फळीवर करून बघीन. बुडबुडे येतील, पुन्हा करीन. पण चौथा थर घातल्याशिवाय ही होडी या शेडमधून पाण्यात जाणार नाही, एवढं तुला वचन देतो.

तुझा,
बाळू