बाळाला कोणी पाजायचं, याबद्दल

हे मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, आलिया आरिफ शिकलगार, राहणार दिघी, आकुर्डीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. दबाव कोणाचा नाही. भीती मात्र आहे आणि ती लपवत नाही. माझी वार गर्भाशयात रुतून बसली आहे. उद्या ऑपरेशन करून बाळ दिवस भरण्याआधीच काढणार. रक्त फार जाऊ शकतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि मग त्या माझ्याकडे बघेनात. म्हणून हा कागद.

कलम १. फ्लॅटमधला माझा हिस्सा कायद्याने ज्याला जायचा त्याला जावो, त्यात मी ढवळाढवळ करत नाही. स्कूटर माझी विद्यार्थिनी पूनम हिला. ब्रेक घट्ट करून घे गं. वॉलाबीच्या दुधातल्या लोह वाहणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांवरचं माझं अपुरं कामही तिलाच. वॉलाबी म्हणजे लहान चणीचं कांगारू. मी एकही जिवंत पाहिलेलं नाही, सगळी ओळख संगणकावरची. सासूबाई रोशनबी अजून विचारतात, "त्या उंदराच्या दुधाचं काय झालं?"

कलम २. त्या उंदराचंच सांगते, कारण बाळाचा जीव त्यात आहे. वॉलाबीचं पिल्लू शेंगदाण्याएवढं जन्मतं. पोटात असताना त्याला लोह फारसं मिळालेलं नसतं. ते नंतर आईचं दूध पुरवतं. बाईचं उलटं. ती शेवटच्या महिन्यांत वारेतून लोह देऊन ठेवते, दुधात ते थोडंच असतं. माझं बाळ ते अर्धवट घेऊनच येणार. तेव्हा आरिफ, डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून लोहाचे थेंब चुकवू नकोस. बाळाला उघड्या छातीशी धर. "मी काय कांगारू आहे का?" म्हणालास, तर होय, आहेस. आधी वर्कशॉपचं ऑइल घासून काढ.

कलम ३. मी राहिले नाही, तर डॉक्टरांना विचारून माझी धाकटी जाऊ अफरीन हिने बाळाला पाजावं. तिची मुलगी अजून अंगावर पिते. अफरीनचं आणि माझं पटत नाही. "हिला जनावरांचं कळतं, माणसांचं नाही," असं ती चारचौघांत म्हणाली होती. ते मी मेल्यावरही विसरणार नाही. तरी परवा तळेगावला फोन केला, तर एवढंच म्हणाली, "भाभी, पाजीन मी. पण अम्मींना तुम्ही सांगा."

कारण मुलगा झाला तर अफरीनची मुलगी त्याला करायची, असं अम्मींनी, म्हणजे रोशनबींनी, पक्कं धरलंय. एकाच बाईचं दूध प्यायलेली मुलं आमच्यात भावंडं ठरतात. मग ते लग्न कायमचं मोडलं. अम्मींच्या शब्दापुढे घरात कोणी जात नाही. मला मरणाची भीती वाटते, फार वाटते. त्याहून जास्त भीती याची, की माझ्यामागे या सोयरिकीपायी बाळ डब्याच्या दुधावर राहील आणि एवढ्याशा जिवाला ते सोसणार नाही. अम्मी, तेवढं होऊ देऊ नका.

स्थळ: पिंपरी, रुग्णालय. दिनांक: १७ जानेवारी २०२५.
सही: आलिया आरिफ शिकलगार

साक्षीदार:
१. शालनबाई सोपानराव वाळुंज, शेजारीण
२. रोशनबी बरकत शिकलगार

टीप: दोघींना सगळं वाचून दाखवलं. रोशनबींनी पेन हातात घेतलं. मग म्हणाल्या, "पाजू दे तिला. पण माजी सही पाजण्यासाठी हाय, तुझ्या मरणासाठी न्हाई. तसं लिही." तसं लिहिलं आहे. त्यांची सही माझ्या सहीवर चढली आहे. ती ग्राह्य धरावी.