पाचवं प्रकरण

बाई, समोर असताना मी तुम्हाला कधी बाई म्हटलं नाही. तुमच्या गावात सगळेच सगळ्यांना मॅम म्हणायचे, म्हणून मीही मॅम म्हणायची. मनात मात्र पहिल्या दिवसापासून बाईच. नागपूरला आमच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाई अशाच चष्मा कपाळावर चढवून मग तो शाळाभर शोधत फिरायच्या. तुम्हाला जाऊन आता पस्तीसच्या वर वर्षं झाली. हे पत्र खरं तर इंग्रजीत लिहायला हवं, पण आता तुम्ही ते कुठल्याच भाषेत वाचणार नाही, तेव्हा मला सोपं जाईल त्या भाषेत लिहिते.

तेव्हाचं कॅरी, अमेरिकेतलं तुमचं ते गाव, म्हणजे पाइनची झाडं, नवे कोरे रस्ते आणि रोज सकाळी रिसर्च पार्ककडे निघालेल्या गाड्या. त्यातल्या एका गाडीत माझा नवरा असायचा. मला कामाचा परवाना नव्हता. माझ्याकडे होती नागपूरच्या टायपिंग क्लासची परीक्षा, मिनिटाला चाळीस शब्द, आणि गॅरेज सेलमधून आणलेला एक इलेक्ट्रिक टाइपरायटर. नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान असतं, त्या लाँड्रोमॅटच्या फळ्यावर मी चिठ्ठी लावली, टायपिंग करून मिळेल. दुसऱ्याच दिवशी तुम्ही ती चिठ्ठी हातात घेऊन दारात उभ्या. म्हणालात, "काढूनच आणली. आता दुसरं कोणी यायला नको, माझं काम मोठं आहे." पंचवीस वर्षं तुम्ही शाळेत शिकवलं होतं. आधी फक्त काळ्या मुलांच्या शाळेत आणि नंतर सगळ्यांच्या. पन्नाशी उलटल्यावर पीएच.डी.ला बसला होतात. प्रबंधाचा विषय होता, आफ्रिकेतून माणसं पकडून आणून विकण्याचा व्यापार बंद कसा झाला. मी विचारलं, टाइप कधीपर्यंत करून हवंय. विषयाबद्दल काही विचारलं नाही.

आमच्या टायपिंगच्या सरांची शिस्त होती. नजर कागदावर, बोटं किल्ल्यांवर आणि डोकं दाराबाहेर. वाचायला लागलात की चुकाल, असं ते म्हणायचे. त्या शिस्तीनं मी तुमची सत्तर पानं सफाईनं उमटवली. एका शनिवारी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पानं तपासताय, मी ओट्याशी भेंडी चिरतेय, आणि तुम्ही एकदम खो खो हसायला लागता. डोळ्यांतून पाणी. मग मोठ्यानं वाचून दाखवता: लंडनच्या पार्लमेंटपुढे व्यापाराविरुद्ध अर्जांचा ढीग पडला, मक्याचं पीठ, भेंडी, खोकल्याचं औषध, आणि सभासदांची मनं द्रवली. तुमच्या हस्तलिखितात किराण्याची यादी अडकली होती आणि मी ती तळटीपेच्या आकड्यासकट, नीट समास सोडून टाइप केली होती. मीही हसले. तेवढ्यात तुमचं हसू थांबलं. चष्मा कपाळावरून नाकावर आला. "तू वाचत नाहीस," तुम्ही म्हणालात. "या माणसांना इतकी वर्षं कोणी वाचलं नाही. निदान जी टाइप करते तिनं तरी वाचावं." आयुष्यात मला बरेच जण रागावले, पण काम बरोबर केल्याबद्दल रागावणाऱ्या तुम्ही एकट्याच. मला लागलं ते. त्या दिवशीची भाजी खारट झाली, तरी तुम्ही दोनदा घेतलीत. ही आमच्याकडची भाजी, असं मी मिरवलं, तर म्हणालात, "हनी, आमच्याकडचे लोक म्हणतात ही आमच्याबरोबर आफ्रिकेतून जहाजातून आली."

मग मी वाचायला लागले. वेग कमी झाला आणि चुका वाढल्या, म्हणजे सरांचं काही अगदीच खोटं नव्हतं. शाळेत आम्ही दोन मार्कांपुरतं शिकलो होतो की इंग्लंडातल्या दयाळू लोकांना वाईट वाटलं, त्यांनी कायदा केला आणि गुलामांचा व्यापार थांबला. तुम्ही त्या दयाळू लोकांना चार प्रकरणं दिली होती, आणि मनापासून दिली होती. पण पाचवं प्रकरण वेगळं होतं. त्यात कॅरिबियनमधलं फ्रेंचांचं बेट होतं, ज्याला आज हैती म्हणतात. तिकडे फ्रान्समध्ये सगळी माणसं समान असल्याची घोषणा झाली, ती बेटावर पोचली, आणि ज्यांना त्या माणसांत धरलंच नव्हतं त्या गुलामांनी ती आपल्यासाठीही आहे असं मानलं. त्यांनी उसाची शेतं पेटवली. एकामागून एक तीन देशांचं सैन्य त्यांना आवरू शकलं नाही. त्या धुराचा वास आसपासच्या सगळ्या मळेवाल्यांना आला, अमेरिकेतल्यासुद्धा. प्रत्येक नव्या जहाजातून आपण शेतमजूर आणतोय की उद्याचे बंडखोर, हे त्यांना कळेना. कायदा दयेनं लिहिला, पण पुढे रेटला तो भीतीनं, असं तुमचं म्हणणं. मी एकदा विचारलं, आणि ते पेटवणारे, ते घाबरले नसतील? तुम्ही म्हणालात, "घाबरले होतेच. मालकांपेक्षा जास्त. पण घाबरलेल्या हातांनीच त्यांनी काम केलं." त्रेचाळीस पानं होती ती. तेवढी मात्र मी एकही चूक न करता टाइप केली.

तुमचा प्रबंध तपासणाऱ्या कमिटीत तिघे होते. मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्यांनी चार प्रकरणांचं कौतुक केलं आणि पाचवं भडक आहे, पुरावा पुरेसा नाही, ते काढा, म्हणजे सह्या करतो, असं सांगितलं. एरवी तुम्ही भांडला असता. पण यादीतलं औषध ज्या खोकल्यासाठी होतं तो साधा खोकला नव्हताच, हे तोवर डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि भांडायला जेवढे महिने लागले असते तेवढे तुमच्याजवळ नव्हते. मी पानांचे आकडे बदलून, अनुक्रमणिका बदलून सगळं पुन्हा टाइप केलं. मग माझ्याकडे कागदांची दोन खोकी झाली, एक पातळ आणि एक जाडं. ती घेऊन मी हॉस्पिटलात आले तेव्हा तुम्ही कमिटीच्या सह्यांचं पान माझ्या हातात दिलंत. "हे कुठल्याही खोक्यात बसतं," तुम्ही म्हणालात. "प्रबंध जमा करतात त्या ऑफिसात कोणी वाचत नाही. पट्टी लावून समास मोजतात आणि बांधायला पाठवतात. माझी डिग्री पातळ खोक्यात आहे आणि माझी माणसं जाड्यात. मला ठरवता येत नाहीये. तू वाचलंयस. तू ठरव." मी हो म्हटलं. बरं वाटलं, म्हणजे वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. इंजेक्शन दिल्यावर दाढ बधिर होते तसं काहीतरी झालं होतं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो वाईट माणूस नाही, बाई. तुम्ही आलात की दार उघडायला तोच उठायचा. तो म्हणाला, "अगं, आपलं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. तुझ्याकडे वर्क परमिट नाही. उद्या कोणी कंप्लेंट केली की सह्या एका कॉपीवर आणि सबमिट दुसरीच केली, तर पहिला प्रश्न काय येईल? टाइप कोणी केलं? उगाच रिस्क कशाला घ्यायची?" मी म्हटलं, "बरोबर आहे." आणि ते बरोबरच होतं. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी अशाच बरोबर म्हणून झाल्यात.

शुक्रवारी सकाळी मूल शेजारच्या काकूंकडे ठेवून मी गाडी काढते. शिकून मला जेमतेम दोन महिने झालेत. शेजारच्या सीटवर दोन्ही खोकी, एकावर एक, आणि ती घसरू नयेत म्हणून त्यांना पट्टा लावलाय. विद्यापीठाच्या पार्किंगमध्ये गाडी लावून मी बसून राहते. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की हात आपोआप पातळ खोक्याकडे गेला. तसं नाही. मी पाऊण तास बसले होते. जाड्या खोक्यात सह्यांचं पान ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं, आणि शेवटी काढून पातळ खोक्यात घातलं. कोणीच मला धमकावलं नव्हतं. ग्रीन कार्डाचं कोणी विचारलं असतं असं आज मला वाटत नाही, आणि तेव्हाही फारसं वाटत नव्हतं. ऑफिसात काचेपलीकडच्या बाईनं पातळ खोकं उघडलं, पट्टी लावली, समास मोजले आणि म्हणाली, "फार सुबक टायपिंग आहे." मी थँक यू म्हटलं. जाडं खोकं पट्टा लावलेलंच घरी परत आणलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खिडकीकडे तोंड करून पडला होतात. मला वाटलं, झोपलात. "कुठलं?" तुम्ही न वळता विचारलंत. मी म्हटलं, "जाडं." प्रश्न पुरता संपायच्या आधी म्हटलं. तुम्ही वळलात. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिलात की मीच खाली बघितलं. मग माझा हात धरलात. तुमची बोटं गार होती. म्हणालात, "चला, म्हणजे आता माझी माणसं कोणाला तरी सापडतील." आणि लगेच समासाचं विचारलंत. मी सांगितलं की समास बरोबर होते. तेवढं तरी खरं होतं. आठ दिवसांनी तुम्ही गेलात. तुमच्या अंत्यविधीला चर्चमध्ये मी आले नाही. मूल लहान आहे, असं कळवलं. मूल शेजारच्या काकूंकडे ठेवता आलं असतं. तुमच्या बहिणीनं सगळ्यांसमोर माझे आभार मानले तर काय करायचं, हे मला सुचत नव्हतं.

पुढे ग्रीन कार्ड मिळालं, मग नागरिकत्व मिळालं. शपथ घेताना माझा आवाज सगळ्यांत खणखणीत होता, असं नवरा अजून सांगतो. तुमच्या प्रबंधाचं मात्र त्याला काही आठवत नाही. आठवण करून द्यावी इतकी मी आता त्याच्यावर रागावलेलीही नाही. परवा मंगळवारी, कोणी सांगितलं नसताना, मी विद्यापीठाच्या लायब्ररीत गेले. पर्समध्ये पाचवं प्रकरण होतं, त्रेचाळीस पानं, कडा पिवळ्या पडलेली. मनात होतं की तुमच्या प्रबंधात ती सारायची आणि निघून यायचं. या वयाच्या बाईची पर्स कोण तपासतंय? तळघरात तुमचं पुस्तक सापडलं. काळ्या बांधणीचं, पातळ. मागच्या खिशातल्या कार्डावर एकही शिक्का नव्हता, म्हणजे ते कोणी वाचायला नेलंच नव्हतं. पुढचं आभाराचं पान मीच टाइप केलेलं, दोन्ही खोक्यांत सारखंच. माझं नाव घालू नका अशी मी हात जोडून विनवणी केली होती, म्हणून तुम्ही नाव घातलं नव्हतं. शेवटची ओळ आहे: आणि माझ्या टायपिस्टला, जिनं वाचलं.

मी ते पुस्तक मिटून जागेवर ठेवलं. मी रडले नाही. वर येऊन दारातल्या मुलीला थँक यू म्हटलं आणि चाळीस मैलांच्या वेगानं, एकाही गाडीला मागे न टाकता घरी आले. बाई, तुम्हाला वाटलं होतं की तुमची माणसं कोणाला तरी सापडतील. ती अजून माझ्या पर्समध्ये आहेत.