यादीतला पियानो

ती. वहिनी,

तुम्हाला आणि भाऊजींना साष्टांग नमस्कार. (माझा डावा गुडघा अजून वाकत नाही, तेव्हा आठातलं एक अंग वजा धरा.) तुमची पाठ कशी आहे? त्या महागाच्या गादीने बरी झाली, की दुखण्याचीच सवय झाली? दोन्ही मुलींना आशीर्वाद. थोरलीलाही, ती माझ्या पत्रांना उत्तर देत नसली तरी. मी ठीक आहे. यांना जाऊन परवा अकरा महिने झाले. सकाळी चहाला मी अजून दोन कप काढते आणि एक परत ठेवते, एवढं सोडलं तर घरात काही बिघडलेलं नाही.

आता जरा बसून घ्या. मला नोकरी लागली. यांच्याच शाळेत, मराठीची बाई म्हणून. तिथे तीस देशांची मुलं इंग्रजीत शिकतात, आणि यंदा शाळेने ठरवलं की प्रत्येकाला आठवड्यातून चार तास आपापली भाषाही शिकवायची. मराठी बोलणाऱ्या घरांतली सतरा मुलं निघाली, पण शिकवायला माणूस मिळेना. मी आठवी पास. (तुम्ही चारचौघांत सातवी सांगता, ते कृपया सुधारून घ्या.) पण हे गेल्यापासून, घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा बरं म्हणून, मी दर मंगळवारी शाळेच्या ग्रंथालयात जाऊन या मुलांना गोष्टी वाचून दाखवत होते. मुलांनी आयांना सांगितलं, आयांनी मुख्याध्यापिकाबाईंना, आणि बाईंनी मला पगाराचं बोलायला बोलावलं.

मला पगारापेक्षा घर हवं होतं. हे घर शाळेचं. हे गेल्यावर रिकामं करायला वर्षाची मुदत दिली होती, ती पुढच्या महिन्यात संपते आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि खिडकीतून काय दिसतं, तर शाळेच्या बसगाड्या धुतात ती जागा. तुम्ही एकदा आला होतात तेव्हा, "सुटसुटीत आहे हो," असं म्हणाला होतात. (विसरले नाही.) पण यांची खुर्ची जिथे असायची तिथे जमिनीवर दोन खड्डे पडलेत आणि ते उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. जाणकार लोक म्हणतात की जे खरं हवं ते आधी मागायचं नसतं. आधी भरमसाट मागायचं, समोरचा घायकुतीला आला की हळूच खरं पुढे करायचं. जाणकार म्हणजे तुम्हीच. सहा वर्षांपूर्वी भाऊजींनी शाळा बदलली तेव्हा त्यांना काय काय मिळालं याची साद्यंत यादी तुम्ही मला पाठवली होती, आणि ते कसं मागावं हेही. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. (प्रेमाने नव्हे.)

खरं सांगते वहिनी, त्या पत्राने आठवडाभर माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. पगाराचं मी सोडून दिलं असतं, तुमच्या नव्या घराच्या बाल्कनीचंही. पण तिकिटं! दर सुट्टीत तुम्ही दोघं शाळेच्या खर्चाने घरी जाणार आणि तिथून मला कार्ड टाकणार की आईंच्या हातचं जेवून अंगावर मूठभर मांस चढलं. त्या माझ्याही सासूबाई, पण आम्ही चौदा वर्षांत गेलो तीनदा, तेही पदरचे पैसे घालून. मी यांना म्हणायची, अहो, सख्खा भाऊ तुमचा, तोही गणिताचाच मास्तर, त्याला मिळतं ते तुम्हाला का नाही? हे पेनाला टोपण लावायचे आणि म्हणायचे, "मागायला विसरलो." दरवर्षी! चारशे मुलांचे हजेरीचे क्रमांक ज्याला पाठ, तो माणूस तिकीट मागायला विसरतो. मी म्हणायची, "तोंड घरी ठेवून जाता का?" हे हसायचे, आणि मी दोन दिवस बोलायची नाही. ते दोन-दोन दिवस आता एकापुढे एक ठेवले तर दहा-बारा दिवस भरतात.

असो. मंगळवारी मी तुमची यादी स्वच्छ अक्षरात उतरवून घेतली आणि गेले. बाईंची खोली काचेची, कुंडीतलं झाड प्लॅस्टिकचं, आणि मला दिलेली खुर्ची चाकांची. मी टेकले ती सरळ मागच्या कपाटापर्यंत जाऊन आले. (सुरुवातीलाच मागे सरकले, हे बोलणी करताना बरं दिसत नाही.) बाईंच्या शेजारी शाळेचा हिशेबनीस. त्याला मी मनात कात्री म्हणते, कारण हे नेहमी सांगायचे की त्याच्या हाताखालून गेलेला कागद कधी पुरा परत येत नाही. बोलणं अर्थात इंग्रजीत. माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊकच आहे, ग्रंथालयातल्या चित्रांच्या पुस्तकांपासून वर चढत गेलेलं, त्यामुळे त्यात मधूनच एखादा कोल्हा येतो.

मी यादी वाचायला लागले. पहिला भाऊजींचा पगार. आकडा ऐकून कात्रीने पेन्सिल खाली ठेवली आणि बाई पाणी प्यायल्या. दुसरं, मुलींची फी माफ. कात्रीने विचारलं, "मुली किती?" मी म्हटलं, "एकही नाही." त्याने शून्य लिहिलं आणि म्हणाला, "मंजूर." (इतक्या आनंदाने त्याने आयुष्यात काही मंजूर केलं नसेल.) तिसरं, वर्षाचं तिकीट. इथे कात्री खुलला. म्हणाला, "या शाळेत तिकिटाऐवजी दुसरंही काही घेतात. तुमच्या यजमानांचंच बघा ना." आणि त्याने यांची फाइल माझ्यापुढे उघडून ठेवली.

वहिनी, चौदा करार होते. प्रत्येकात तिकिटाच्या ओळीवर एक रेघ, आणि समासात यांचं ते उजवीकडे कललेलं अक्षर: 'तिकिटाऐवजी पत्नीला ग्रंथालयाचं कार्ड, आणि उरलेल्या रकमेची मराठी पुस्तकं.' ते कार्ड एरवी फक्त शाळेत नोकरी करणाऱ्यांना मिळतं, घरच्यांना नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ग्रंथालयात खिडकीखाली मराठीचं एक बुटकं कपाट आहे. मला वाटायचं, शाळा किती उदार! मी घरी येऊन यांच्यापुढे शाळेचं कौतुक करायची, आणि हे मान डोलवायचे. त्याच कपाटातली पुस्तकं मी वर्षभर त्या सतरा मुलांना वाचून दाखवत होते. ती चौदा वर्षांची तिकिटं होती. मला विचारलं असतं तर मी तिकीटच हवं म्हटलं असतं, तुमच्यावरच्या जळफळाटाने का होईना. म्हणून विचारलं नाही.

मला बोलता येईना. डोळ्यांतून पाणी येऊ नये म्हणून मी प्लॅस्टिकच्या झाडाची पानं मोजत बसले. बाईंना वाटलं, मी आकड्यावर नाराज आहे. त्यांनी पगार वाढवला. मी गप्प. त्या म्हणाल्या, बरं, तिकीटही देऊ. मी गप्पच, पानं तेवीस झाली होती. बाईंनी कात्रीकडे पाहिलं, कात्रीने छताकडे. मग बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि राहतं घर नोकरी आहे तोवर तुमचंच." यांना चौदा वर्षांत तोंड उघडून जे मिळालं नाही ते मला दहा मिनिटं तोंड मिटून मिळत होतं. हे असते तर मी त्यांना ऐकवलं असतं.

आता काहीतरी बोलणं भाग होतं. आवाज फुटेना, म्हणून समोरच्या कागदावर बोट ठेवलं होतं ती ओळ वाचली. ती होती, 'पियानो हलवण्याचा खर्च.' तुमच्या धाकटीचा पियानो हो. उतरवताना गाळायचा राहिला. कात्रीने विचारलं, "पियानो आहे तुमच्याकडे?" मागे फिरायची लाज वाटली. मी म्हटलं, "सध्या माझ्या जावेकडे असतो." (यात खोटं काय आहे?) बाई इतक्या दमल्या होत्या की त्यांनी तोही लिहून घेतला, आणि मी सही केली.

तर असं आहे. इतकी वर्षं मी तुमच्यावर जळले, तुमच्या बाल्कनीवर, गादीवर, कार्डांवर. हे पत्र आता तुम्ही माझ्यावर थोडं जळावं म्हणून लिहिलं आहे. भाऊजींच्या करारात तुमच्या नावाने समासात काही लिहिलं आहे का, विचारून बघा. किंवा नका विचारू. माणूस चांगला आहे, उगीच गोंधळेल.

पाठीला शेक घ्या.

तुमची धाकटी जाऊ

ता. क. येत्या चौदा तारखेला सकाळी दहाला शाळेची चार माणसं आणि एक ट्रक तुमच्या दारात येतील. करारात लिहिलं आहे, आता आलेल्यांना रिकाम्या हाताने परत पाठवलं तर कात्री मला खोटारडी ठरवेल. धाकटी तसंही तीन वर्षं पियानोला हात लावत नाही, आणि तुम्ही त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवता. पत्राचं खरं कारण हेच.

ता. क. २ मला वाजवता येत नाही हे माहीत आहे. इंग्रजीही येत नव्हतं.

ता. क. ३ तुम्ही पहिलं विचाराल ते तिकिटाचं, म्हणून कळवते. खिडकीखालच्या त्या कपाटात खालचा एक खण अजून रिकामा आहे. आणि तिकीट मी मागायला विसरले.