स्वच्छ कापड

भाईजान,

छत गळून तुझं कुराण भिजलं. पानांचा लगदा झाला. अब्बा म्हणाले, "स्वच्छ कापडात गुंडाळून, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी पुरू."

अम्मीनं तुझा पांढरा शर्ट काढला. तुझी बोट बुडाली, तू सापडला नाहीस, तेव्हापासून तिनं तो धुतला नव्हता. तू गेलास असं कुणाला म्हणूही देत नव्हती. आज तिनं तो धुतला, तुला कुठं जायचं असल्यासारखी इस्त्री केली.

भिंतीलगतच्या खड्ड्यात कुराण ठेवल्यावर तिनं मूठभर माती टाकली, मग दुसरी मूठ, मग तिसरी.

मी म्हटलं, "अम्मी, अशी तीन मुठी माती माणसाला देतात."

अब्बा म्हणाले, "असू दे." आणि खाली वाकून त्यांनीही मूठ भरली.

मग मीही भरली.

तुझी छोटी